पाण्यावरचं खुराडं

नमस्कार श्रोतेहो. आज बदकांच्या घराविषयी बोलायचं आहे, तेही तळ्यात तरंगणाऱ्या. करवीर, पन्हाळा, कागल, शिरोळ, कुठंही जा, अलीकडं शेततळी दिसतात. आणि तळं भरलं की त्यात आठ-दहा बदकं सोडावीत असं घरातल्या कुणाला तरी वाटतंच. दिवसा बदकांची काळजी नसते. घोर लागतो रात्रीचा. उसाला तोड लागली की फडात दडलेली रानमांजरं आणि कोल्ही बाहेर पडतात, मुंगूस तर बारमाही, आणि मोकाट कुत्र्यांचं काय सांगायचं! मग कुणीतरी सुचवतं, खुराडं तळ्याच्या मधोमध ठेवा की, तिथं कोण जातंय?

जातात बरं का. मुंगूस पोहतो, घोरपड पोहते, कुत्रं तर हौसेनं पोहतं. पाण्यामुळं त्यांना उशीर होतो, एवढंच. तेव्हा तराफ्यावरच्या खुराड्यालाही जाळी आणि कडी हवीच. जाळी अर्ध्या इंचाची, वेल्ड केलेली घ्या. कोंबड्यांची पातळ षट्‌कोनी जाळी कुत्रं दातानं फाडतं.

विलायतेतली एक गंमत सांगतो. 2009 साली ब्रिटनमध्ये खासदारांच्या खर्चाची प्रकरणं बाहेर आली. त्यात पीटर व्हिगर्स नावाच्या खासदाराचं तरंगतं बदकघर जगभर गाजलं. 1,645 पौंडांचं बिल त्यांनी सरकारी भत्त्यात लावलं होतं. पैसे काही मंजूर झाले नाहीत. पण पुढं त्यांनीच सांगितलं, की बदकांना ते घर कधी आवडलंच नाही! आपल्या कामाचं आहे ते हे शेवटचं वाक्य. खुराडं तरंगवणं सोपं आहे, बदकांना रोज संध्याकाळी आपणहून त्यात जायला लावणं अवघड.

आधी सोपं काम उरकू. दहा बदकांना आत वीस चौरस फूट जागा लागते, म्हणजे पाच फूट बाय चार फुटांचं खुराडं. त्याच्यापुढं दोन फुटांचा ओटा सोडा. असा तराफा झाला सात बाय चारचा. बांबू, फळ्या, जाळी मिळून नव्वद किलो धरू. खाकी कॅम्पबेल जातीचं बदक दोन किलोच्या आत-बाहेर, म्हणून दहांचे वीस. ओला झालेला भुसा पंधरा. झाले सव्वाशे. आता हिशेब असा, की हवाबंद कॅन जितक्या लिटरचा, तितके किलो वजन तो पाण्यात पूर्ण बुडाल्यावर पेलतो, त्यातून त्याचं स्वतःचं वजन वजा. पण आपल्याला पूर्ण बुडालेला तराफा नको, निम्मा वर हवा. म्हणून वजनाच्या दुपटीहून थोडे जास्त लिटर धरा. पन्नास लिटरचे सहा कॅन पुरतात. ते मधे गोळा करू नका, चार कोपऱ्यांना आणि लांब बाजूंच्या मध्यावर लावा. बदकं थव्यानं हलतात. सगळी एकदम ओट्यावर आली की तो कडेला कलतो, म्हणून तिकडं एखादा जादा कॅन बसवला तर बरं.

दोनशे लिटरचे बॅरल मात्र घेऊ नका. ते आडवे टाकले की ओटा पाण्यापासून फूट-दीड फूट वर जातो आणि बदकाला चढताच येत नाही. तेलाचे जुने डबेही नकोत. पाण्यावर तेलाचा तवंग आला की पिसं भिजायला लागतात, आणि भिजलेलं बदक थंडीनं गारठतं. औषधफवारणीच्या कॅनचं तर नावही काढू नका. थर्माकोल फुकट मिळतो खरा, पण बदकं तो टोचून टोचून खातात.

कॅन नुसते दोरीनं आवळले तर पाणी त्यांना वर ढकलत राहतं, हळूहळू सरकवतं. बांबूचे चौकोन करून प्रत्येक कॅन त्यात अडकवा, टोपण वरच्या अंगाला. चढायला उताराची फळी लावा, तिचं खालचं टोक चार-सहा इंच पाण्यात बुडलेलं हवं, आणि वर गोणपाट किंवा आडव्या पट्ट्या. तुमच्या तळ्याला प्लास्टिकचा कागद असेल तर आणखी एक करा: काठावर एका जागी गोणपाटाची वा काथ्याच्या दोराची चटई पाण्यात सोडा. त्या घसरड्या उतारावरून बदकाला बाहेर येता येत नाही, आणि पिल्लू तर दमून बुडतं. पिलांना तसंही पिसं पूर्ण येईपर्यंत, म्हणजे सात-आठ आठवडे, तळ्यावर सोडायचंच नाही.

छपराला पत्रा घालू नका, चैत्र-वैशाखात आत भट्टी होते. उसाचं पाचट आपल्याकडं आयतं आहे, हलकं आहे. वळचणीखाली दोन्हीकडून हवा खेळती राहील एवढी जाळी ठेवा, कारण बदकांची विष्ठा ओली असते आणि कोंडलेल्या खुराड्यात तिच्या वासानं डोळे चुरचुरतात. पाठ पश्चिमेकडं करा, पाऊस तिकडून झोडपतो. खाली भाताचा तूस पसरा. उसाचं चिपाड टाकलंत तर ते ओलं होऊन बुरसणार नाही हे पाहा. बुरशीनं बदकांची फुप्फुसं धरतात. बुरसलेली शेंगदाणा पेंड तर त्यांना विषच, कोंबड्यांपेक्षाही लवकर बाधते.

तराफा बांधायला लोखंडी नांगर टाकाल तर कागद फाटेल. दोन काठांना खुंट्या ठोकून त्यांच्यामधे कप्प्यांवरून दोर फिरवा, विहिरीच्या कप्पीसारख्याच. एकीकडून ओढलं की तराफा काठाला, दुसरीकडून ओढलं की मधे. दोर नायलॉनचा घ्या, तो पाण्यात बुडतो. पॉलिप्रॉपिलीनचा तरंगतो आणि बदकांच्या पायांत गुंततो.

आता ते अवघड काम. सुरुवातीला तराफा काठालाच बांधून ठेवा, फळी जमिनीवरून चढणारी. दिवस मावळायच्या बेताला खाद्य फक्त आत घाला, बदकं आत गेली की दार लावा. आठवडा-दोन आठवड्यांत त्यांच्या अंगवळणी पडतं. मग रोज हातभर हातभर करत तराफा पाण्यात सारा. सवय लागली की खाद्य परत काठावर आणा, सांडलेल्या खाद्यानं तळं घाण होतं आणि उंदीर येतात. काळोख्या बिळात बदक शिरत नाही. समोर आणि पाठीमागे जाळी ठेवली की पलीकडचा उजेड दिसतो. दारही दीड फुटी हवं, ती रांगेत जात नाहीत, सगळी एकदम घुसतात, आणि त्यांचे पाय नाजूक. उंच बसायचा दांडा नको, बदकं जमिनीवरच बसतात.

दार सकाळी उघडायची घाई करू नका. बदकं पहाटे ते नऊपर्यंत अंडी घालतात. सहाला सोडलंत तर अंडी तळ्यात. खाकी कॅम्पबेल वर्षाला पावणेतीनशे-तीनशे अंडी देते, पण खुडूक बसत नाही. पिलं हवी असतील तर अंडी कोंबडीखाली ठेवा, अठ्ठावीस दिवस लागतात.

नदीकाठच्या मंडळींसाठी एक. पंचगंगेला 2019 ला आणि 2021 ला काय पाणी आलं होतं हे तुम्हाला सांगायला नको. तराफा तरंगतो म्हणून पुरात निभावेल असं धरू नका. आखूड दोराला बांधलेला तराफा पाणी चढलं की एका बाजूनं खाली ओढला जातो, आणि दार बंद असेल तर बदकं आतच बुडतात. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. पाणी 39 च्या जवळ येतंय असं कानावर आलं की जनावरांबरोबर बदकंही वर हलवा, आणि तराफा रिकामा करून दार उघडं ठेवून लांब दोरानं झाडाला बांधा.