टाचेचं रक्त, एका कागदावर
(लघु माहितीपटाचं निवेदन)

(दृश्य : प्रसूती वॉर्ड, सकाळ. सिस्टर यादी घेऊन खाटांमधून फिरताहेत.)

पुण्यातलं एक प्रसूतिगृह. डॉक्टरांचा राऊंड सुरू व्हायच्या आत सिस्टरांनी यादी हातात घेतली आहे. जन्माला ४८ तास झालेली बाळंच या यादीत आहेत. त्यांच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन जन्मजात आजार शोधायचे आहेत. जन्मल्यावर बाळाच्या रक्तातलं टीएसएच, म्हणजे थायरॉइड ग्रंथीला कामाला लावणारं संप्रेरक, एकदम चढतं आणि मग हळूहळू उतरतं. रक्त घाईनं घेतलं, तर ठणठणीत बाळाचाही रिपोर्ट बिघडलेला येतो. म्हणून थांबायचं. पण आईला घरी सोडायच्या आत हे काम व्हायलाच हवं.

(दृश्य : बाळाची टाच, अगदी जवळून. सिस्टरांचे हात.)

हात बघा. आधी टाच कोमट कापडानं शेकली, म्हणजे रक्त मोकळं येतं. मधोमध टोचायचं नाही, तिथे हाड जवळ असतं. टोचायचं ते कडेला. पहिला थेंब कापसानं टिपून टाकला. दुसरा मोठा होईपर्यंत वाट पाहिली आणि कागद नुसता टेकवला. एका वर्तुळात एक थेंब, एकाच बाजूनं, कागदाच्या मागे तितकाच लाल डाग उमटेपर्यंत. टाच पिळली, थेंबावर थेंब दिला, तर नमुना वाया जातो आणि बाळाला पुन्हा टोचावं लागतं. हे सगळं चालू असताना बाळ आईच्या अंगावर पीत आहे. त्यानं दुखणं कमी होतं, म्हणून सिस्टर आईला आधीच बसवून घेतात.

(दृश्य : जाड कागदाचं कार्ड, त्यावरची लाल वर्तुळं.)

हा जाड टीपकागद अमेरिकेतले डॉक्टर रॉबर्ट गथ्री यांनी १९६०च्या सुमारास या कामाला लावला. त्यांच्या नात्यातल्या एका मुलीला फिनाइलकीटोन्युरिया हा चयापचयाचा आजार होता आणि तो उशिरा कळला होता. १९६३ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यानं ही तपासणी कायद्यानं सक्तीची केली. तेव्हा एकच आजार शोधायचे. आज याच थेंबांतून थायरॉइडची कमतरता, अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा जन्मजात विकार, तांबड्या पेशींना जपणाऱ्या जी-सिक्स-पी-डी या एन्झाइमची कमतरता असे कितीतरी आजार शोधता येतात.

(दृश्य : सिस्टर फॉर्म भरताहेत.)

सिस्टर बाळंतिणीला विचारतात, "माहेर कुठलं गं?"

"जुन्नर."

"मग तिथला नंबर दे. आईचा दे, बाबांचा दे, चालेल."

कार्डावर दोन नंबर लिहिले जातात, एक सासरचा आणि एक माहेरचा. बाळंतीण इथून थेट माहेरी जाते आणि रिपोर्ट येतो तेव्हा नवऱ्याचा फोन कामाच्या गडबडीत लागत नाही. आमच्या मते या सबंध कार्डावर सगळ्यात मोलाची ओळ हीच आहे.

(दृश्य : रॅकवर आडवी ठेवलेली कार्डं. मग प्रयोगशाळा.)

कार्डं सावलीत, आडवी, तीन-चार तास वाळतात. ऊन दाखवायचं नाही, एकावर एक ठेवायची नाहीत. प्रयोगशाळेत पंचिंग यंत्र वाळलेल्या डागातून जेमतेम तीन मिलिमीटरची टिकली कापतं. तपासणी होते ती या टिकलीची. कार्ड कुणाच्या ड्रॉवरमध्ये चार दिवस पडून राहिलं, तर गेलेला वेळ पुढची ही सगळी यंत्रं भरून देऊ शकत नाहीत.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं पाच शहरांत सुमारे एक लाख बाळं तपासली. साधारण ११०० बाळांमागे एकाला जन्मजात थायरॉइडची कमतरता निघाली. वेळेत कळलं नाही तर बुद्धीची वाढ खुंटते, ती पुढे औषधानं भरून येत नाही.

(दृश्य : झोपलेलं बाळ, कानात छोटा प्रोब.)

याच वॉर्डात कानांचीही तपासणी होते. बाळ झोपेत असावं लागतं, एवढीच अट.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. फाटलेला ओठ, वाकडं पाऊल, मोतीबिंदू हे जन्मतः बघायची सोय त्यात आहे. ३० आजारांच्या त्या मूळ यादीत जन्मजात थायरॉइड मात्र ऐच्छिक ठेवला गेला. गोव्यानं २००८ मध्ये सरकारी पातळीवर टाचेची तपासणी सुरू केली, केरळही करतं. महाराष्ट्रात प्रत्येक प्रसूतिगृहात ती फुकट झाली पाहिजे. जुन्नरच्या बाळाला आणि कोथरूडच्या बाळाला सारखीच.

(दृश्य : ओपीडी. आजी, आई, दुपट्यातलं बाळ.)

बाळाच्या रिपोर्टमध्ये टीएसएच वाढलेलं निघालं. माहेरच्या नंबरवर फोन लागला. आजी आणि आई सकाळच्या एसटीनं बाळाला घेऊन आल्या आहेत. आता शिरेतून रक्त घेऊन पुन्हा तपासतील. टीएसएचचा आकडा फारच वाढलेला असेल तर या नव्या रिपोर्टची वाट न बघता थायरॉइडची गोळी आजच सुरू होते. जन्मापासून दोन आठवड्यांच्या आत सुरू झालेली बरी.

(दृश्य : चमच्यात गोळी चुरताना, जवळून.)

ही लिव्होथायरॉक्सिनची, म्हणजे कमी पडणाऱ्या थायरॉइड संप्रेरकाची गोळी चुरून, चमचाभर आईच्या दुधात, रोज ठरल्या वेळी. लोह किंवा कॅल्शियमचं औषध तिच्याबरोबर द्यायचं नाही. गोळी स्वस्त आहे, मेडिकलमध्ये सहज मिळते. वजन वाढेल तसा डोस बदलावा लागतो, म्हणून सुरुवातीला रक्ततपासणी वरचेवर होते. बाळ तीन वर्षांचं झालं की काही मुलांची गोळी डॉक्टर थोडे दिवस थांबवून बघतात. आकडे जागेवर राहिले तर ती कायमची बंद होते.