हिरव्या छताचा मे महिना

(दृश्य: भर दुपारी घरकुलाचा उघडा स्लॅब.)

चंद्रपूर असो की अकोला, मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला तर इथे कुणी दचकत नाही. टिनाचं घर दुपारी भाजतं, पण रात्री लवकर निवतं. स्लॅबचं उलटं. दिवसभर पिलेलं ऊन तो मध्यरात्रीपर्यंत खोलीत सोडत राहतो, आणि पंखा तीच गरम हवा फिरवतो.

स्लॅबवर माती आणि झाडं असली, म्हणजेच हिरवं छत केलं, तर ऊन आधी त्यांच्यावर पडतं. ओल्या मातीतून पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. खालचा वॉटरप्रूफिंगचा थर रोजच्या तापण्या-निवण्यातून वाचतो, म्हणून जास्त वर्षं टिकतो. पावसाची पहिली सरही मातीत जिरते, अंगणात धबधबा पडत नाही.

आता वजन. 25 चौरस मीटरच्या घरकुलावर 10 सेंटिमीटर माती म्हणजे अडीच घनमीटर, एका ब्रासला (शंभर घनफूट) थोडी कमी. शेतातली काळी माती भिजली की दर चौरस मीटरला 180 किलोच्या आसपास भरते. सगळ्या छतावर साडेचार टन! इमारतींवरच्या भाराचं भारतीय मानक आयएस 875, त्यानुसार वर ये-जा असलेल्या गच्चीसाठी चौरस मीटरला सुमारे 150 किलो वापराचा भार धरतात, ये-जा नसलेल्या छताला जेमतेम 75. शिवाय हा हिशेब माणसांचा आणि वाळवणाचा आहे, बारा महिने बसून राहणाऱ्या मातीचा नव्हे. वर आधीच ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) असेल तर त्याचं ओझं वेगळं. त्यामुळे जुन्या स्लॅबवर अभियंत्याने पाहिल्याशिवाय एक घमेलंही चढवू नये. नवं घर असेल तर सळई बांधण्याआधीच सांगावं. टिन आणि कवेलूचा तर विचारच नको.

काळी माती आणखी एका कारणाने वाईट: ती फुगते, भेगाळते आणि निचरा बंद करते. एक भाग माती, एक भाग गांडूळ खत, एक भाग कोकोपीट आणि एक भाग धानाचं तूस असं मिश्रण भिजल्यावरही चौरस मीटरला 110 ते 120 किलोत बसतं. गोंदिया-भंडाऱ्याकडे तूस राइस मिलवर मिळतं; कोकोपीट मात्र दक्षिणेतून ट्रकने येतं, तो डिझेलचा खर्चही हिशेबात धरावा. तूस आणि खत कुजून बसतात, म्हणून दरवर्षी थोडी भर लागते.

थर असे: शंभराला एक उतार, कोपऱ्यात सिमेंटचा गोल वाटा, वॉटरप्रूफिंग, मुळं अडवणारा जाड प्लास्टिक कागद, ड्रेनेज शीट (पाणी वाहून जाऊ देणारा थर), जिओटेक्स्टाइल (माती अडवून पाणी गाळणारं कापड), मग मिश्रण. वॉटरप्रूफिंग झाल्यावर छताच्या पाण्याच्या नळ्या बंद करून 48 तास पाणी तुंबवून ठेवायचं. इथे घाई केली, तर पुढे गळती शोधायला सगळी माती हलवावी लागते. पैसे वाचवायला जिओटेक्स्टाइलऐवजी बारदाना टाकतात. तो पावसाळ्यात कुजतो आणि माती थेट नळीत उतरते.

(दृश्य: पाण्याच्या हंड्यांची रांग.)

खरी अडचण पाण्याची. हिरवळ जगवायला मे महिन्यात चौरस मीटरला रोज 5 लिटर तरी हवेत, म्हणजे घरकुलाला 125 लिटर. जल जीवन मिशनचं माणशी रोजचं प्रमाण 55 लिटर आहे. दोन माणसांच्या वाट्याहून जास्त पाणी छत पिणार. टँकरवर जगणाऱ्या गावात हा व्यवहार बसत नाही. उलट, 1000 मिलिमीटर पावसाच्या भागात याच मोकळ्या छतावर वर्षाला 25 हजार लिटर पडतात. टाकी भरायची असेल तर छत मोकळंच बरं. मातीतून आलेलं पाणी कमी असतं आणि रंगीतही.

म्हणून लॉन नको. घोळ, चिनी गुलाब, कोरफड लावावी. घोळ उन्हाळ्यात वाळली तरी बी मातीत राहतं, मृगात पुन्हा उगवते, आणि तिची भाजीही होते.

जिथे स्लॅबची ताकद किंवा पाणी नाही, तिथे होळीनंतर चुन्याचे दोन हात द्यावे. पांढरं छत ऊन परतवतं; पावसात चुना धुपतो, पुढच्या वर्षी पुन्हा द्यायचा. त्यावर बांबूच्या मांडवावर तुराट्या-पऱ्हाट्यांची सावली केली तर आणखी चांगलं, फक्त चुलीच्या धुराड्यापासून लांब आणि वाऱ्यासाठी तारेने घट्ट बांधलेली.

हिरवं छत केलंच असेल, तर दिवाळीनंतर एकदा वर चढून पाखरांच्या विष्ठेतून उगवलेली पिंपळाची रोपं उपटावी. बोटभर आहेत तोवर ती मुळासकट निघतात.