कवचातला हॅम्लेट

आगरकरांनी ‘हॅम्लेट’ मराठीत आणलं ते डोंगरीच्या तुरुंगात. १८८२ साली टिळकांबरोबर १०१ दिवस ते तिथे होते आणि पुढच्या वर्षी ‘विकारविलसित’ छापून आलं. इयन मॅक्युअनच्या ‘नटशेल’ या २०१६च्या कादंबरीबद्दल बोलायला उभा राहिलो की मला ती कोठडी आठवते. नाटकाच्या दुसऱ्या अंकात हॅम्लेट ‘डेन्मार्क म्हणजे तुरुंग’ असं म्हणतो आणि लगेच पुढे म्हणतो, मला एखाद्या फळाच्या कवचात कोंडलंत, तरी मी स्वतःला अथांग अवकाशाचा राजा मानीन. फक्त ही वाईट स्वप्नं पडायला नकोत. कादंबरीचं नाव या वाक्यातून आलंय.

मॅक्युअनने ते वाक्य शब्दशः खरं केलं. त्याचा निवेदक अजून जन्मलेलाच नाही. दिवस भरत आलेत आणि तो आईच्या पोटात खाली डोकं वर पाय असा आहे. आई ट्रूडी, काका क्लॉड; नावांवरून तुम्ही ओळखलं असेलच, नाटकातली हॅम्लेटची आई गर्ट्रूड आणि त्याच्या बापाला मारून तिच्याशी लग्न करणारा काका क्लॉडियस. वडील जॉन कवी आहेत. लंडनमधलं त्यांचं पडकं पण कोट्यवधींचं घर हवं म्हणून दीर-भावजय त्यांना फळांच्या स्मूदीतून गाडीचं अँटिफ्रीझ पाजायचं ठरवतात.

आता जरा थांबून नाटकातला खून आठवा. राजा बागेत झोपलेला असतो आणि विष ओतलं जातं त्याच्या कानात. मॅक्युअनच्या बाळाकडे तर मुख्यतः कानच आहेत! आईबरोबर ते रात्ररात्र पॉडकास्ट ऐकतं आणि उशीवरची कुजबुजही ऐकतं. सगळं विष त्याच्या कानात पडतं. आपल्याला अभिमन्यू आठवणारच. पण त्याला अर्धीच विद्या ऐकायला मिळाली. याने कट अथपासून इतिपर्यंत ऐकलाय आणि सांगायला तोंड नाही.

हॅम्लेट सूड घ्यायला इतका उशीर का करतो, यावर चारशे वर्षं लिहिलं जातंय. मॅक्युअनने तो प्रश्न मनातून काढून थेट शरीरात ठेवला, आणि मला हे फार मोठं वाटतं. नाटकात पित्याचं भूत बजावतं, आईला धक्का लावू नकोस. इथे ते सांगायची गरजच उरत नाही. ती प्यायलेली वाइन याला चढते, ती घाबरली की याच्याही रक्तात भीती उतरते. ज्या नाळेतून राग येतो तिच्यातूनच अन्न येतं. शिवाय आई पकडली गेली तर आपला जन्म तुरुंगात, हेही त्याला कळतं. तिचा द्वेष करायला तो जागा तरी कुठून आणणार? एकदा तर तो नाळ स्वतःच्याच गळ्याभोवती आवळून बघतो. ‘जगावं की मरावं’ हे स्वगत इथे असं येतं.

शेवटी, जॉनचा खून झाल्यावर, ट्रूडी आणि क्लॉड पळायच्या तयारीत असतात. टॅक्सी बोलावलेली असते. आणि हा बोटाचं इवलंसं नख वापरून गर्भाची पिशवी फोडतो. वेळेआधी जन्माला येणं, एवढाच त्याचा सूड. टॅक्सी परत जाते, पोलीस येतात. आईच्या अंगावर ठेवलेलं बाळ पहिल्यांदा तिचा चेहरा बघतं आणि पुढच्या कोठडीचा विचार करतं: फार लहान नसली म्हणजे झालं.