घाटात तुटणारी ॲम्बेसेडर

साताऱ्यातून समर्थ मंदिराच्या बाजूने वर निघालेला रस्ता यवतेश्वराचा घाट चढून पुढे कासच्या पठाराकडे जातो. साठच्या दशकातील एक मार्क २ ॲम्बेसेडर या घाटात मधूनच तुटत असे, म्हणजे तिचे इंजिन क्षणभर थांबून झटके देत असे, आणि एखाद्या वळणावर बंदही पडत असे. बोनेट उघडून जरा थांबले की ती पुन्हा सुरू होई, आणि गॅरेजमध्ये आणून उभी केली की तिच्यात कसलाही दोष सापडत नसे.

मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून घेतलेली ही गाडी उत्तरपाड्याच्या कारखान्यात २०१४ पर्यंत तयार होत होती. तिच्या १४८९ सीसी इंजिनात पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्बुरेटर आणि तापलेला धूर बाहेर नेणारा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एकाच अंगाला बसतात; त्यामुळे चढावर इंजिन तापले की पेट्रोलची नळीतच वाफ होऊन प्रवाह अडतो, हा संशय सर्वांत आधी येतो आणि तो निराधारही नसतो. इथेही तेच गृहीत धरून इंजिनाला लागून असलेल्या पेट्रोल पंपावर ओले फडके टाकण्याचा जुना उपाय चालू होता. फडके टाकल्यावर गाडी सुरू होत असल्यामुळे निदान पक्के झाल्यासारखे वाटे. शिवाय ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेतले कॉइल, कंडेन्सर आणि प्लगही बदलून झाले होते. असे एकदम सगळे बदलण्यात धोका असा, की दोष गेलाच तर तो कशात होता हे कळत नाही. आणि हल्ली मिळणाऱ्या कंडेन्सरांचा दर्जा पाहता एकाच्या जागी दोन दोष होण्याची शक्यताच अधिक.

गाडीचे मालक निवृत्त शिक्षक आहेत. पाना हातात घेण्याआधी, गाडी तपासायला घेतलेल्या मिस्त्रींनी त्यांना एकच प्रश्न विचारला: ‘‘गुरुजी, गाडी तुटते तेव्हा तुमचा पाय कुठं असतो?’’

उत्तर महत्त्वाचे निघाले. सरळ चढावर, दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना गाडी निमूट ओढत होती; वळणाआधी पाय उचलून पुन्हा हलका दिला की झटका बसत होता. पेट्रोल कमी पडत असते तर नेमके उलटे घडायला हवे होते, कारण सर्वांत जास्त पेट्रोल लागते ते पूर्ण दाबलेल्या वेळी. शिवाय पेट्रोल अडले की इंजिन बहुधा कुथत कुथत मरते. इथे ते बटण बंद केल्यासारखे तुटत होते. खात्रीसाठी कॉइलकडून डेल्कोकडे, म्हणजे प्रत्येक प्लगला करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरकडे, जाणाऱ्या जाड वायरीला टायमिंग लाइटची (वायरीतून करंट गेला की लुकलुकणाऱ्या दिव्याची) क्लिप लावून, दिवा गुरुजींच्या शेजारी सीटवर ठेवून मिस्त्री घाट चढून आले. झटका बसला त्याच क्षणी दिव्याची लुकलुक खंडित झाली. करंटच येत नव्हता.

डेल्कोच्या आत पॉइंट, म्हणजे सतत उघडझाप करणारा छोटा स्विच, उघडला की कॉइलमधल्या वेढ्यांतून वाहणारा बारा व्होल्टचा प्रवाह तुटतो आणि त्या तुटण्यातून प्लगसाठी हजारो व्होल्टचा दाब तयार होतो. चार सिलिंडरच्या या इंजिनात मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या वेगाने पॉइंट सेकंदाला शंभर वेळा उघडतो. हा पॉइंट ज्या बेसप्लेटवर बसवलेला असतो, ती प्लेट स्थिर नसते. ॲक्सिलरेटर थोडासा उघडला की कार्बुरेटरमधली ओढ बारीक नळीतून डेल्कोला जोडलेल्या डायफ्रॅमच्या लवचीक पडद्यापर्यंत पोहोचते आणि प्लेट किंचित फिरवून ठिणगी आगाऊ पाडते. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला किंवा पूर्ण सोडला की ओढ जवळजवळ संपते आणि स्प्रिंग प्लेटला जागेवर आणते. प्लेट सतत मागेपुढे होत असल्यामुळे पॉइंटला करंट देणारी छोटी वायरही प्रत्येक वेळी वाकते.

इथे मिस्त्रींनी जी तपासणी केली तिला कोणतेही उपकरण लागत नाही. इंजिन स्लोवर ठेवून त्यांनी ती बारीक नळी कार्बुरेटरकडून सोडवली आणि तिचे टोक तोंडात धरून हवा ओढली. प्लेट फिरली आणि इंजिन अडखळले. हवा सोडली, ते सावरले. डेल्कोचे झाकण (कॅप) आणि आत फिरणारा रोटर काढून त्यांनी पॉइंटची ती छोटी वायर चिमटीत धरली. बाहेरचे आवरण अखंड दिसत होते, पण एका ठिकाणी बोटाला ती मऊ, पोकळ लागत होती: आतल्या तारा तुटल्या होत्या आणि एकमेकींना केवळ टेकून करंट देत होत्या. गाडी बंद पडली की प्लेट मागे येई, टोके पुन्हा टेकत आणि श्रेय ओल्या फडक्याला मिळे.

जागी बसवलेली नवी वायर बारीक तारांची, अतिशय लवचीक आहे. घरातल्या बटणाची जाड वायर वापरली असती तर ती प्लेटला नीट फिरू देत नाही आणि पुन्हा त्याच जागी तुटते. प्लेटची अर्थिंगची वायरही त्याच वयाची असल्याने बदलली. पॉइंटचा गॅप सुमारे ०.४ मिलिमीटर ठेवून टायमिंग पुन्हा जुळवले. नंतर जुनी कॉइल आणि जुना कंडेन्सर एकेक करून परत लावून घाटात फिरवून पाहिले. दोन्ही ठणठणीत होते, म्हणून तेच इंजिनावर राहिले आणि विकत घेतलेले नवे डिकीत स्पेअर म्हणून गेले.