दवंडी आणि मूठभर तांदूळ

(काळोख. डब्यात माप बुडाल्याचा आवाज. मग हळूहळू स्वयंपाकघर दिसू लागतं.)

मिझोरमच्या राजधानीत, ऐझॉलमध्ये, उजाडतं लवकर. घड्याळ मुंबईचंच, पण सूर्य सव्वा तास पुढे. इथे सकाळी आठ-नऊलाच भरपेट भात होतो, त्यामुळे सहाच्या सुमारास चुलीशी हालचाल सुरू झालेली असते.

ही बाई रोज चार मापं तांदूळ घेते. पातेल्यात ओतते, आणि धुण्याआधी एक गोष्ट करते. पहिल्या दिवशी आमच्या कॅमेऱ्याला ती सापडलीच नाही, इतकी चटकन होऊन गेली. पातेल्यात हात जातो, एक मूठ वर येते आणि शेजारच्या पत्र्याच्या डब्यात रिकामी होते. डोळे मिटणं नाही, ओठ हलणं नाही. तुळशीला पाणी घालून मागे न बघता घरात वळणारी बाई असते ना, तशी ही नळाकडे वळलेली असते.

दुसऱ्या दिवशी आम्ही कॅमेरा डब्यालाच टेकवून ठेवला.

पाहुणे आले आणि भात कमी पडणार असं वाटलं, तर काय करता, असं तिला विचारलं. ती म्हणाली, पाचवं माप घालायचं. मूठ काढायचीच.

(दृश्य: डब्यातला तांदूळ, अगदी जवळून.)

मिझो भाषेत याला म्हणतात बुहफाइथाम. बुहफाइ म्हणजे कांडून पाखडलेला तांदूळ, थाम म्हणजे मूठ. मिझोरमच्या प्रेस्बिटेरियन चर्चचं मिशनकार्य ज्या पैशावर चालतं, त्यातला मोठा वाटा या मुठीतून येतो.

मूठ आपल्यालाही नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांतली पोरं मुष्टिफंडाच्या धान्यावर शिकली. जात्यावर बसलेली बाई दळणाआधी मूठभर धान्य बाजूला काढायची. तो मुष्टिफंड आपण आता पुस्तकात वाचतो. हा डबा मात्र शंभर वर्षं उलटली तरी चुलीजवळच आहे.

(दृश्य: डोंगराच्या धारेवर एकावर एक चढलेली घरं, मधूनच चर्चचा मनोरा.)

प्रेस्बिटेरियन हे नाव जिभेला जड जातं, पण मराठी माणसाची त्याच्याशी जुनी ओळख आहे. मिरजेचं वानलेस हॉस्पिटल याच पंथाच्या अमेरिकन मिशनने उभारलं. या चर्चमध्ये बिशप नसतो. मंडळी, म्हणजे त्या-त्या ठिकाणचे सभासद, आपले 'वडील', म्हणजे वडीलधारे कारभारी, स्वतः निवडते. वडील आणि पाळक, म्हणजे धर्मगुरू, मिळून कारभार बघतात. अनेक मंडळ्यांची मिळून एक प्रेस्बिटरी, आणि सगळ्यांच्या वर सिनड. मिझो भाषेत वडिलांना 'उपा' म्हणतात, आणि हे उपा नावाआधी लागतं, आपल्याकडे सरपंच लागतं तसं. कधी कधी तोराही तसाच असतो, असं तिथलीच माणसं हसून सांगतात.

2011 च्या जनगणनेत मिझोरमची लोकसंख्या अकरा लाखांच्या आत होती. म्हणजे आपल्याकडचे दोन-तीन तालुके. त्यातले 87 टक्के लोक ख्रिस्ती, आणि त्यांच्यात सगळ्यात मोठं चर्च हेच. रविवारी दुकानं बंद, रस्ते रिकामे. एरवीही ऐझॉलच्या गर्दीत हॉर्न फारसा ऐकू येत नाही. पुण्याहून गेलेल्या माणसाला पहिले दोन दिवस कान बधिर झाल्यासारखं वाटतं.

(दृश्य: सैरांगजवळची नदी, धुकं.)

मिरजेचं हॉस्पिटल उभं राहिलं ते 1894 साली. त्याच वर्षी 11 जानेवारीला दोन इंग्रज तरुण होडीतून इथे, सैरांगला उतरले. जे. एच. लॉरेन आणि एफ. डब्ल्यू. सॅव्हिज. त्या तारखेची मिझोरममध्ये आजही सरकारी सुट्टी असते. गंमत अशी की हे दोघे प्रेस्बिटेरियन नव्हतेच. लीड्सच्या एका धनवान दानशूराने, रॉबर्ट आर्थिंग्टनने, त्यांना स्वतःच्या पैशाने पाठवलं होतं. चार वर्षांत ते इथून हलले, पण तेवढ्यात त्यांनी एका भाषेला लिपी बसवून दिली.

मिझोंची एक जुनी गोष्ट आहे. देवाने सगळ्यांना अक्षरं दिली. मिझोंच्या वाट्याची अक्षरं कातड्यावर लिहिलेली होती, ती कुत्र्याने खाऊन टाकली. हरवलेली अक्षरं परत आली ती रोमन वेषात, आणि तीही आपल्या क्रमाने. इथलं मूल ए, बी, सी म्हणत नाही. ते म्हणतं ए, ऑ, बी.

लॉरेन आणि सॅव्हिज अजून इथे असतानाच वेल्सचे प्रेस्बिटेरियन आले. डी. ई. जोन्स 31 ऑगस्ट 1897 ला ऐझॉलला पोहोचले. पुढे लोक त्यांना जुना मिझो-साहेब म्हणू लागले. 1899 मध्ये पहिल्या दोघांचा बाप्तिस्मा झाला. फक्त दोघांचा.

(दृश्य: जुन्या मासिकाची पानं. मागे माणसाची लांबवर जाणारी हाक.)

आता ही हाक ऐका. पूर्वी प्रत्येक मिझो गावात एक त्लांगाऊ असायचा. संध्याकाळी माणसं शेतावरून परतली की तो गावभर ओरडत फिरायचा. सरदाराचा हुकूम काय, उद्या कुठल्या कामाला जायचं, हे सगळं त्याच्या तोंडून कळायचं. त्याच्या मोबदल्यात घरटी टोपलीभर भात मिळायचा. आपल्या गावातला दवंडी पिटणारा तराळ आणि त्याचं बलुतं आठवलं ना? हिशोब तोच. फक्त आपण त्या दवंडीवाल्याला वेशीबाहेर ठेवलं, आणि मिझोंना ते कधी सुचलं नाही.

चर्चने 1911 मध्ये मासिक काढलं तेव्हा त्याला याच माणसाचं नाव दिलं. क्रिश्चन त्लांगाऊ, म्हणजे ख्रिस्ती दवंडीवाला. मला हे नाव फार आवडतं. आपल्याकडे अमेरिकन मिशनने 1842 मध्ये अहमदनगरला ज्ञानोदय सुरू केलं. ज्ञानाचा उदय! नावातच गुरुजी उभे आहेत. त्लांगाऊ मात्र दारातून ओरडत जातो. मराठी ख्रिस्ती माणूस गॉस्पेलला सुवार्ता म्हणतो, तीही मुळात वार्ताच की. ते मासिक आजही निघतं, आणि कोणत्या डोंगरापलीकडे काय चाललंय हे सिनडच्या सभासदांना त्यातून घरबसल्या कळतं.

आणि ज्या दवंडीवाल्याच्या नावाचं हे मासिक, त्याची हाकही अजून बंद झालेली नाही. ऐझॉलच्या प्रत्येक वस्तीत खांबावर कर्णे आहेत. कुणाच्या घरी मयत झालं की काही वेळात कर्णा बोलू लागतो, आणि वस्तीतली पोरं खोदकामाची हत्यारं घेऊन बाहेर पडतात.

(दृश्य: बांबूचं रान. पाती हलण्याचा आवाज.)

मूठ सुरू झाली ती 1910 च्या सुमारास. मिशनजवळ रोकड नव्हती आणि मिझो बाईच्या हातात पैसा नव्हता, पण तांदूळ तिच्या हातात होता. सरदार कुणीही असो, नवरा कितीही शूर शिकारी असो, पातेल्यात किती मापं पडायची हे तीच ठरवायची. गावोगाव फिरून बायकांना शिकवणाऱ्या बायबल-बाईला पोसायला ही मूठ निघाली. बाईने बाईसाठी काढलेली.

आणि लगेच 1911 मध्ये माउताम आला.

माउताम म्हणजे बांबूचं मरण. या डोंगरांतला माउ जातीचा बांबू साधारण 48 वर्षांनी एकदाच फुलतो, सगळा एकदम फुलतो आणि मरतो. फळांवर उंदीर पोसतात, बेसुमार वाढतात. बांबूची फळं संपली की उंदरांच्या टोळधाडी भातशेतीत उतरतात. रात्री उभं असलेलं पीक सकाळी नसतं. रोजच्या भातातली मूठ काढायची सवय नुकती लागतेय, तोच भात गेला. कुठल्याही शहाण्या माणसाने म्हटलं असतं, ही प्रथा आता बुडाली.

ती बुडाली नाही. इथल्या बायकांचं म्हणणं साधं आहे. रोज खायला काहीतरी असतं, मग रोज द्यायलाही काहीतरी असतंच.

(दृश्य: 1960 च्या दशकातली ऐझॉलची कृष्णधवल छायाचित्रं.)

पुढचा माउताम 1959 चा. त्याने राजकारणच फिरवलं. दुष्काळात मदत करायला निघालेल्या मिझो नॅशनल फॅमिन फ्रंटची 1961 मध्ये मिझो नॅशनल फ्रंट झाली. नावातून दुष्काळ गेला, आणि पाच वर्षांत बंड आलं. 1 मार्च 1966 ला स्वातंत्र्याची घोषणा झाली. 5 मार्चला भारतीय हवाई दलाच्या विमानांनी ऐझॉलवर मारा केला. आपल्याच देशाच्या गावावर आपलीच विमानं. ही गोष्ट शाळेत आम्हाला कुणी शिकवली नव्हती. पुढच्या वर्षापासून डोंगरातली गावं उठवून रस्त्याकडेला वसवली गेली. घरं जाळली, कोठारं जाळली, शेतं लांब राहिली.

आणि 1968 मध्ये सरकारच्या सांगण्यावरून उरलेले वेल्श मिशनरी निघून गेले. डुर्टलांगच्या टेकडीवरचं 1928 चं हॉस्पिटल, शाळा, छापखाना, दूर नेमलेले प्रचारक, सगळ्याचा भार एकदम सिनडवर पडला. परदेशी पैसा बंद झाला की मिशन आपोआप मिटेल, हा हिशोब दिल्लीत कुणी केला असेल तर तो चुकला. मूठ मोजायची त्यांच्या ध्यानात राहिली नसावी.

1986 च्या शांतता करारापर्यंत बंडखोर आणि सरकार यांच्यामध्ये निरोप नेण्याचं, समजूत घालण्याचं काम करणाऱ्यांत इथले पाळक होते. दोन्हीकडून शिव्या खाऊन.

(दृश्य: चर्चमध्ये उपासना. मधोमध दोन मोठे ढोल.)

हा ढोल म्हणजे खुआंग. सुरुवातीला मिशनऱ्यांनी तो चर्चच्या उंबऱ्याबाहेर ठेवला होता. ढोल म्हणजे तांदळाची दारू, नाच, जुना धर्म, असं समीकरण. मिझोंनी काही वर्षं वेल्श चालीत निमूट गाऊन पाहिलं, आणि मग खुआंग आत आणला. रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्ती मंडळीत अभंग आणि कीर्तन आणलं, तसंच काहीसं. ज्या देवाशी आपल्या तालात बोलता येत नाही, तो आपला वाटायचा कसा?

सगळंच आत आलं नाही, हेही सांगायला हवं. अविवाहित तरुणांचं सामूहिक घर, झॉलबुक, ते गेलं. तांदळाची दारू गेली, आणि तिच्याबरोबर तिची गाणीही. राज्यात दारूबंदीचा कायदा येतो, सैल होतो, पुन्हा येतो. त्यामागे चर्चचं वजन असतं हे उघड गुपित आहे.

आणि एक शब्द मला खटकतो. मिशनक्षेत्राला मिझो भाषेत म्हणतात रामथार, म्हणजे नवी भूमी. सिनडचे मिशनरी आज आसाम, अरुणाचलसह कितीतरी राज्यांत आहेत. मिझोरमच्या हद्दीतही ब्रू आणि चकमा जमातींच्या वस्त्यांत शाळा, दवाखाने आहेत. तिथे शिकलेली मुलं आम्ही पाहिली, त्यांच्या आईबापांना त्याचं अप्रूपही होतं. पण ज्या बांबूच्या घरात आम्ही चहा प्यायलो, ती भूमी त्या घरातल्या आजोबांसाठी नवी नव्हती. त्यांच्या आजोबांपासूनची होती. चुलीजवळच्या डब्यात मूठ टाकणाऱ्या बाईला हा प्रश्न विचारायचा होता. भाषा आड आली, की आमचंच धैर्य, सांगता येत नाही.

(दृश्य: वेल्समधलं दगडी चॅपल. बाहेर विक्रीची पाटी.)

आणि ही दुसरी नवी भूमी. वेल्स. जिथून जोन्ससाहेब निघाले, तिथली कितीतरी चॅपलं आता बंद आहेत. काहींची राहती घरं झाली. मिझो सिनडने या शतकात तिथे आपला पाळक धाडला. सुवार्ता सांगायला, वेल्श माणसांना! वेल्श वर्तमानपत्रांना याची मोठी नवलाई वाटली. ऐझॉलमध्ये फारशी कुणाला वाटली नाही. उसनं घेतलं होतं, परत करतोय, एवढाच भाव.

(दृश्य: संध्याकाळ. चढाची गल्ली.)

आठवड्याचा शेवट. चर्चच्या महिला संघातल्या दोघीजणी पाठीला पिशव्या लावून गल्ली चढतायत. दार ठोठावावं लागत नाही, डबा उंबऱ्यावर आणून ठेवलेला असतो. अलीकडे काही घरांत कुकर आला, तांदूळ पाकिटातून येऊ लागला. काहीजण तांदळाऐवजी नोट देतात. ती घेतली जाते, पण त्या दोघींपैकी थोरलीला ते मनापासून पटत नाही, हे तिच्या चेहऱ्यावर दिसतं.

आपल्या बाईच्या डब्यातला तांदूळ पिशवीत जातो. लहान-मोठ्या दाण्यांचा, दोन-तीन जातींचा, प्रत्येक घराचा वेगळा. मंडळीच्या खोलीत काटा आहे. पिशवी काट्यावर चढते. थोरली चष्मा कपाळावरून खाली घेते, काटा स्थिर होईपर्यंत थांबते, आणि वहीत आकडा लिहिते.

मग तळाशी राहिलेले दाणे तळहाताने गोळा करून तेही पिशवीत टाकते.