काटा खरं सांगतोय का?

नमस्कार, श्रोतेहो.

जुनी मोटार चालवणाऱ्याची एक नजर रस्त्यावर असते आणि दुसरी डॅशबोर्डवरच्या एका लहानशा काट्यावर. इंजिनातल्या पाण्याचं तापमान दाखवणारा हा काटा. वेगाचा काटा थोडा पुढेमागे दाखवत असला तरी आपण चालवून घेतो. पण हा काटा नेहमीच्या जागेवरून वर सरकला की छातीत धस्स होतं. इंजिन तापलं तर काय करायचं, यावर बोलणारे पुष्कळ भेटतात. मला आज त्याच्या अलीकडचा एक प्रश्न विचारायचा आहे. तुमच्या गाडीतला काटा जे सांगतो ते खरं आहे, हे तुम्ही कधी पडताळून पाहिलंय का?

मी पाहिलं नव्हतं. माझी गाडी १९६०च्या दशकातली. एके वर्षी तिचा काटा लाल पट्टीला टेकायला लागला. मी थर्मोस्टॅट, म्हणजे ठरावीक तापमानाला उघडून पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप, बदलला. काटा तिथेच. रेडिएटर उतरवून आतून साफ करून घेतला. काटा तिथेच. मग वॉटर पंपही बदलून झाला. तीन महिने गेले. शेवटी एका वयस्कर मेकॅनिकनं गाडी पाहिली. बॉनेट उघडण्याआधीच त्यांनी विचारलं, ‘‘पाणी उकळून बाहेर आलं का कधी? वाफ दिसली?’’ मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, ‘‘मग जरा पेट्रोलचा काटा बघा.’’ टाकी निम्मी भरलेली होती आणि काटा जवळजवळ पूर्ण भरल्याचं दाखवत होता. त्यांनी डॅशबोर्डच्या मागे हात घातला, एक छोटी डबी काढली, तिच्या खालचा गंज घासला आणि परत बसवली. दोन्ही काटे जागेवर आले.

ती डबी म्हणजे व्होल्टेज स्टॅबिलायझर. त्या काळातल्या अनेक गाड्यांमध्ये गेजच्या, म्हणजे काटा असलेल्या मापकाच्या, आत दोन धातूंची एक पट्टी असते आणि तिच्याभोवती बारीक तार गुंडाळलेली असते. तारेतून वीज गेली की पट्टी तापते, वाकते आणि काट्याला ढकलते. गाडीचा विद्युतदाब मात्र कधी १२ व्होल्ट, तर कधी १४. तो बदलला की काटाही हलणार. म्हणून मध्ये हा स्टॅबिलायझर बसवतात. त्याच्या आतही तशीच पट्टी असते. ती वीज सारखी जोडते आणि तोडते आणि सरासरी १० व्होल्ट पुढे जातील असं पाहते. अमेरिकन गाड्यांमध्ये ही सरासरी बहुधा ५ व्होल्ट असते. त्या डबीला अर्थ, म्हणजे गाडीच्या धातूच्या अंगाशी विजेची जोडणी, मिळाला नाही, तर आतली पट्टी तापतच नाही, जोडणी तुटतच नाही आणि बॅटरीचा पूर्ण दाब थेट गेजवर येतो. पेट्रोल आणि तापमान, दोन्ही काटे एकाच डबीवर चालत असल्यानं दोन्ही एकदम वर जातात. दोन काटे एकाच वेळी चढले, तर इंजिनाला हात लावायच्या आधी ही डबी पाहा. जुन्या ब्रिटिश गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांची बॅटरी पॉझिटिव्ह अर्थवर असते, म्हणजे तिचं पॉझिटिव्ह टोक गाडीच्या अंगाला जोडलेलं असतं. तिथे नवा इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझर घेणार असाल, तर तो त्याच जोडणीसाठी बनवलेला हवा.

माझा काटा खोटं बोलत होता, पण तो जास्त दाखवत होता. त्यात माझा वेळ गेला, इंजिन शाबूत राहिलं. काटा कमी दाखवणारा असेल तर मात्र इंजिनच जाऊ शकतं. सेंडर, म्हणजे इंजिनाच्या हेडमध्ये, वरच्या भागात, बसवलेला तो पितळी नट, पाण्याचं तापमान गेजपर्यंत पोचवतो. त्याच्या आतल्या घटकाचा गुण असा, की पाणी जितकं तापेल तितका त्याचा विद्युतरोध कमी होतो. रोध कमी झाला की वीज जास्त वाहते आणि काटा चढतो. आता सेंडरला अर्थ मिळतो तो त्याच्या स्वतःच्या आट्यांमधून. त्या आट्यांवर गळती थांबवायला कोणी भरपूर पांढरी टेप गुंडाळली, तर अर्थ नीट लागत नाही आणि रोध वाढतो. मग इंजिन तापलेलं असतानाही काटा मध्यावर निवांत बसून राहतो. जुन्या वायरीच्या टोकावरचा हिरवट गंजही तेच करतो.

याहून वाईट प्रसंग आणखी एक आहे. तो प्रत्येक चालकाला माहीत हवा असं मला फार वाटतं. पाईप फुटला, पाणी निघून गेलं आणि सेंडर कोरडा पडला, की त्याला पाण्याचा स्पर्शच उरत नाही. त्याच्याभोवती फक्त वाफ किंवा हवा असते. अशा वेळी काटा आधी थोडा चढतो आणि मग खाली येतो. चालकाला वाटतं, चला, गाडी थंड झाली. प्रत्यक्षात इंजिन कोरडं जळत असतं. चढलेला काटा कारण नसताना झटकन उतरला, तर गाडी ताबडतोब बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा.

बरं, सगळ्या गाड्यांमध्ये विजेचं गेज नसतं. त्याआधीच्या गाड्यांमध्ये बारीक तांब्याच्या नळीचं गेज असतं. नळीच्या एका टोकाला लहानसा बल्ब असतो आणि त्यात बहुधा ईथर भरलेलं असतं. पाणी तापलं की ईथरच्या वाफेचा दाब वाढतो आणि गेजमधली वाकडी चपटी नळी सरळ व्हायला बघते. ती हालचाल काट्याला मिळते. ही वाकडी नळी यूजेन बूर्दों या फ्रेंच माणसानं शोधली आणि १८४९ मध्ये तिचं पेटंट घेतलं. याला बॅटरी लागत नाही, स्टॅबिलायझर लागत नाही. मला स्वतःला हीच जात जास्त भरवशाची वाटते. हे गेज ओळखायचं कसं? त्याच्या आकड्यांमधलं अंतर पाहा. खालचे आकडे दाटीवाटीनं बसलेले आणि वरचे ऐसपैस, कारण तापमानाबरोबर वाफेचा दाब सारख्या पावलांनी वाढत नाही, वर जाता जाता झपाट्यानं वाढतो. अशा गेजची नळी मुडपली किंवा तुटली की ईथर निघून जातं आणि काटा तळाला कायमचा झोपतो.

त्याच्याही आधी, १९१२च्या सुमारास, अमेरिकेत बॉइस मोटोमीटर आलं. ते थेट रेडिएटरच्या झाकणावर बसवलेलं थर्मामीटर होतं. आतली लाल रेघ चालकाला सीटवर बसल्या बसल्या काचेतून दिसायची.

आता तपासणीकडे वळू. पहिली चाचणी अशी, की तिला काही सुटं करावं लागत नाही. गाडी रात्रभर उभी असू द्या. सकाळी थर्मोस्टॅटवर कोणता आकडा कोरलाय ते आठवा. बहुतेक ७४, ८२ किंवा ८८ अंश सेल्सिअस असतो. इंजिन सुरू करा. पंख्यापासून आणि पट्ट्यापासून बाही, हात दूर ठेवून रेडिएटरच्या वरच्या मोठ्या पाईपला अधूनमधून हलकेच स्पर्श करा. बराच वेळ तो गारच राहील. मग थर्मोस्टॅट उघडेल आणि अर्ध्याएक मिनिटात पाईप एकदम कढत होईल. त्या घडीला हेडमधलं पाणी थर्मोस्टॅटवर कोरलेल्या आकड्याच्या आसपास असतं. काटा तेव्हा कुठे आहे ते पाहून ठेवा. तुमच्या गेजवर आकडे नसून नुसता थंड, मध्यम आणि गरम असा पट्टा असेल, तर तुम्हाला पहिल्यांदाच एक खरा आकडा मिळाला. थर्मोस्टॅट स्वतःच बिघडलेला असेल तर ही चाचणी फसते, पण त्याचाही उपाय पुढे आहेच.

हल्ली लाल ठिपका टाकणारं इन्फ्रारेड थर्मामीटर बऱ्याच जणांकडे असतं. ते चांगलं आहे, पण चकचकीत धातूवर धरलंत तर ते फसवतं. घासलेलं पितळ किंवा ॲल्युमिनियम उष्णता फारशी बाहेर टाकत नाही, आजूबाजूची उष्णताच परावर्तित करतं. त्यामुळे आकडा बराच कमी येतो. थर्मोस्टॅटच्या घरावर, सेंडरच्या शेजारी, काळ्या मॅट रंगाचा एक ठिपका द्या किंवा कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि त्यावर थर्मामीटर अगदी जवळून रोखा. तरीही धातूचा बाहेरचा पृष्ठभाग आतल्या पाण्यापेक्षा काही अंश कमीच असणार. म्हणून मी याला अंदाज म्हणेन, पुरावा म्हणणार नाही.

पुरावा हवा असेल तर पाणी उकळवायलाच हवं. इंजिन पूर्ण गार असताना थोडं पाणी काढून घ्या आणि सेंडर सोडवा. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. त्यावरच्या दाबामुळे आतलं पाणी १०० अंशांच्या वर असूनही उकळलेलं नसतं. झाकण सैल होताच ते सगळं एका क्षणात उसळतं आणि तोंडावर येतं.

सेंडर निघाला की तो पातेल्यातल्या पाण्यात सोडा. पितळी टोक बुडू दे, वायरीचं टोक पाण्याबाहेर राहू दे, आणि तळाला टेकू देऊ नका, कारण तळ पाण्यापेक्षा जास्त तापलेला असतो. गाडीतली वायर लांबवून सेंडरला जोडा. सेंडर इंजिनातून बाहेर आलाय, त्यामुळे त्याचा अर्थ तुटलाय. त्याच्या अंगापासून इंजिनापर्यंत दुसरी वायर जोडायला विसरू नका. ही वायर राहून जाते आणि चांगला सेंडर फेकला जातो, असं मी होताना पाहिलंय. शेगडी बॅटरीपासून आणि पेट्रोलच्या पाईपांपासून लांब ठेवा. नळीचं गेज असेल, तर बल्ब बाहेर काढताना नट फिरवा, बल्ब फिरू देऊ नका. तो नटाबरोबर फिरला तर नळी पिळून तुटते. ईथर पेट घेणारं आहे, तेव्हा बल्बाजवळ ज्योत नकोच. लांब शेगडीवर पाणी तापवून आणा आणि मग त्यात बल्ब बुडवा. आणि ज्या पातेल्यात इंजिनाचं कूलंट लागलं ते पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नये. कूलंटमधलं ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं.

ज्या थर्मामीटरशी तुलना करणार, तोही आधी तपासून घ्या. बारीक केलेला बर्फ आणि थोडं पाणी यात त्यानं ० दाखवायला हवा. उकळत्या पाण्यात समुद्रसपाटीला १००, आणि उंचीवर दर ३०० मीटरला साधारण १ अंश कमी. म्हणजे ९०० मीटर उंचीवर ९७ आले तर थर्मामीटर बरोबर आहे.

आता इग्निशन सुरू करा आणि पाणी ढवळत राहा. पट्टीचं गेज सावकाश हलतं, म्हणून प्रत्येक नोंदीआधी त्याला मिनिटभर वेळ द्या. बहुतेक लोक पाणी तापत असताना नोंदी घेतात. माझं मत वेगळं आहे. पाणी उकळी येईपर्यंत तापवा, शेगडी बंद करा आणि ते निवत असताना ९०, ८०, ७०, ६० अशा नोंदी घ्या. निवणं संथ असतं, वरचं आणि खालचं पाणी सारखं राहतं आणि काट्यालाही पोचायला उसंत मिळते. जुन्या गेजवर फॅरेनहाइटचे आकडे असतील तर १६० म्हणजे ७१ अंश सेल्सिअस, १८० म्हणजे ८२, २१२ म्हणजे १००. त्याच पाण्यात थर्मोस्टॅटही दोऱ्याला टांगून तपासून घ्या, म्हणजे सकाळची चाचणी खरी होती की नाही तेही कळेल.

नोंदी जुळल्या नाहीत तर दोष कुठला, हे शोधणं अवघड नाही. सेंडरची वायर काढा. बहुतेक विजेच्या गेजमध्ये काटा तळाला जायला हवा. तीच वायर क्षणभर अर्थला टेकवा. काटा वर निघाला की लगेच काढा, फार वेळ धरली तर गेज जळतं. काटा दोन्ही वेळा नीट हलला तर गेज जिवंत आहे आणि वायर सलग आहे. मग संशय सेंडरवर. नवा बसवताना तो तुमच्याच गेजसाठीचा आहे ना हे पाहा. आटे जुळले म्हणजे रोध जुळला असं नसतं. रात्री दिवे लावल्यावर काटा हलत असेल, तर सेंडरचा विचार सोडा आणि पुन्हा स्टॅबिलायझर आणि अर्थ तपासा.

किती चूक चालेल? ८० ते १०० या पट्ट्यात ४-५ अंशांचा फरक असेल आणि तो रोज तेवढाच राहत असेल, तर मी गेज उघडणार नाही. मूळ गेज उघडून त्याची पट्टी वाकवणं हे नाजूक काम आहे, आणि त्यात काचेमागचा जुना छापील चेहरा खराब झाला तर तो परत मिळत नाही. मी माझ्या नोंदी एका छोट्या कार्डावर लिहून सूर्यपट्टीच्या मागे खोचल्या आहेत. काटा मध्याच्या रेघेवर म्हणजे ७८ अंश, दोन रेघा वर म्हणजे ८९, आणि लाल पट्टी सुरू होते तिथे, नोंदींवरून अंदाजानं, १०३.

सेंडर परत बसवताना नवा तांब्याचा वॉशर घाला आणि आटे कोरडे ठेवा. पाणी भरून, हवा निघेपर्यंत झाकण उघडं ठेवूनच इंजिन थोडा वेळ चालवा, म्हणजे सेंडरभोवती बुडबुडा अडकून राहणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन गार असताना, पाण्याची पातळी पुन्हा एकदा पाहा. नमस्कार.