कोर्लईत एक रात्र

नमस्कार, श्रोतेहो. मुंबईहून एका रात्रीपुरतं कुठे जाऊ, असं कुणी विचारलं की मी कोर्लई सांगते. आणि सांगताना ‘रात्र’ या शब्दावर जोर देते. सकाळी जाऊन संध्याकाळी परत, असं नको. रात्र काढा.

वाट तुमच्या ओळखीची आहे. गेटवेहून लाँचने मांडवा, तिथून अलिबाग, आणि अलिबागहून मुरूडची एसटी. घरची गाडी असली तरी कोकणात एसटीनेच फिरावं, हे माझं ठाम मत आहे. शेजारची बाई टोपली सावरत ‘कुणाकडे चाललात?’ विचारते, तिथूनच गावाची ओळख सुरू होते. रेवदंड्याला रस्ता पोर्तुगीजांच्या तटबंदीतूनच आत शिरतो. मग साळावचा पूल, खाली कुंडलिकेची खाडी, आणि पलीकडे कोर्लई. डोंगराची सोंड समुद्रात गेलेली आणि तिच्या पाठीवर किल्ला.

हा किल्ला पोर्तुगीजांनी १५९४ साली निजामशाहीकडून जिंकला. १७४० साली मराठ्यांशी तह करून ते चौल आणि कोर्लई सोडून गेले. ते गेले, भाषा राहिली. गावातल्या ख्रिस्ती वस्तीत आजही एक बोली बोलली जाते. बाहेरचे तिला क्रिस्ती म्हणतात, घरचे म्हणतात ‘नो लिंग’, म्हणजे आपली भाषा. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण क्रियापद आपल्यासारखं शेवटी. बोलणारे हजाराच्या आसपास. शाळा मराठी, बाजार मराठी, त्यामुळे ही बोली उरली ती घरात. म्हणून म्हणते, रात्र काढा. दिवसा गाव तुमच्याशी मराठीच बोलतं. दिवेलागण झाली, जेवणं उरकली, की मग आपसातली भाषा सुरू होते.

मी गेले ती जानेवारीत. ओळखीतून एका घरी सोय झाली होती. तांदळाची भाकरी आणि बांगड्याचं कालवण जेवून उठलो, तर पिंपातलं पाणी संपलेलं. मी म्हटलं, मावशी, मी शेंदते. त्या नको नको म्हणत होत्या तरी गेले. दोर ओला होता. वर येता येता हातातून निसटला आणि बालदीसकट सगळाच्या सगळा विहिरीत. एवढा मोठा आवाज झाला, की मावशी धावत आल्या.

“राहू दे गं पोरी. पडते कधीमधी.”

त्यांनी पडवीतून गळ आणला. जाड लोखंडी कडी, तिला चहूबाजूंनी आकडे, आणि काथ्याची दोरी. शेजारचे जमले. एकाने बॅटरी धरली, दुसऱ्याने दोरी घेतली, आणि सगळे एकदम सांगायला लागले. डावीकडे घे, खाली सोड, असंच काहीतरी असणार, कारण त्या घाईत मराठी मागे पडली होती. मला त्यातला एकच शब्द कळला. पुन्हा पुन्हा येत होता. बाल्द.

“मावशी, बाल्द म्हणजे बालदी?”

“मग? तुम्ही काय म्हणता?”

“बालदीच.”

“म्हणजे आमचीच की ती!”

गळ खाली फिरत होता आणि वर आमची उजळणी चालली होती. चावी? आमची. साबण? आमचा. पाव, बटाटा, घमेलं? आमचे. दोरी धरलेले काका मान वर न करता म्हणाले, “मासळीचा लिलाव पण आमचाच. आणि पगार.” दोन्ही शब्द खरोखर पोर्तुगीजच. पुण्याकडे बादली म्हणतात आणि मुंबईची बालदी अशुद्ध ठरवतात, पण पोर्तुगीज ‘बाल्दे’ला आमची बालदीच जवळची आहे. परके शब्द वेचून फेका म्हणणाऱ्यांचं मला कधीच पटत नाही. ते शब्द चार शतकं आपल्या घरात पाणी भरताहेत.

गळाला आधी बालदी लागलीच नाही. वर आला एक तांब्या, काळा पडलेला, काठाशी चेपलेला. पायरीवर बसलेल्या आजींनी तो मागून घेतला, अंगठ्याने घासला. खालून पितळ चमकलं. त्या हळू आवाजात काही बोलल्या आणि सगळे गप्प झाले. मावशींनी मला मराठीत सांगितलं, “त्यांच्या सासूचा. माझं लग्न व्हायच्या आधी पडलेला.”

बालदी त्यानंतर तिसऱ्या खेपेला निघाली. आजी झोपायला गेल्या तेव्हा तांब्या हातातच होता.

तर श्रोतेहो, पावसाळ्यात गेटवेची लाँच बंद असते, तेव्हा पेण-वडखळचा रस्ता धरा. सकाळी किल्ल्यावर जाल तर ऊन चढायच्या आत जा, आणि पाणी सोबत घ्या. पण आधी रात्र काढा.